पंधराशे फोटो, पण उजेड किती?

प्रश्न थोडक्यात असा: कार्यक्रमांचे फोटो काढायचं काम सुरू केलंय, एका दिवसाचे हजार-दीड हजार फोटो निघतात आणि एकेक एडिट करत बसलं तर आठवडा जातो. सगळे निवडून एकच प्रीसेट लावला, तर काही छान दिसतात, काही पांढरेफटक होतात आणि काहींत माणसं केशरी दिसतात. बॅच एडिटिंगसाठी, म्हणजे अनेक फोटो एकदम एडिट करायला, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि चुकतंय कुठे?

चुकतंय कुठे ते आधी बघू. ते कळल्यावर कदाचित सॉफ्टवेअर बदलायची गरजच पडणार नाही.

प्रीसेट म्हणजे आकड्यांची यादी. एक्स्पोजर (फोटो एकंदर किती उजळ) इतकं, कॉन्ट्रास्ट इतका, हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) इतके खाली. फोटोत काय आहे हे तो बघत नाही. खिडकीजवळच्या माणसाला आणि पिवळ्या बल्बखालच्या माणसाला तो तेच आकडे देतो, सब घोडे बारा टक्के. तुम्ही तो प्रीसेट बहुधा दिवसाच्या उजेडातल्या एखाद्या चांगल्या फोटोवर बनवलात आणि सेव्ह करताना सगळ्या चौकटींवरच्या टिका (✓) तशाच राहू दिल्यात. म्हणजे व्हाइट बॅलन्सचा (कुठल्या रंगाचा उजेड धरून फोटोचे रंग जुळवायचे त्याचा) आकडा, समजा ५६०० केल्विन, त्यात कायमचा बसला. पिवळ्या बल्बचा उजेड असतो साधारण २८०० ते ३२०० केल्विनचा. तिथल्या रॉ फोटोला (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) ५६०० सांगितलं की सॉफ्टवेअरला वाटतं उजेड दिवसाचा आहे, पिवळेपणा काढायचं कारण नाही. झाली माणसं केशरी. पांढरेफटक फोटोंचंही तेच. प्रीसेटमध्ये एक्स्पोजर +०.८ बसलंय आणि जो फोटो मुळातच उजळ होता, त्यालाही ते मिळालंय.

तेव्हा आजच्या आज करण्यासारखं एक काम: तोच प्रीसेट पुन्हा सेव्ह करा आणि या वेळी व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर या दोन टिका काढून टाका. रंगछटा, कर्व्ह, ग्रेन वगैरे जी तुमची 'शैली' आहे, ती राहू द्या. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटेल. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र कामाची पद्धत बदलावी लागेल.

मी सोळा वर्षं हेच करतेय, त्यातली पहिली तीन-चार वर्षं तुमच्यासारखीच गेली. नंतर कधीतरी डोक्यात उजेड पडला की फोटो पंधराशे असले तरी उजेड पंधराशे नसतात. सकाळी अंगणातला एक, आत आल्यावर खिडकीचा एक, स्टेजवरच्या दिव्यांचा एक, संध्याकाळी दिवे आणि आकाश मिसळलेला एक. दिवसभरात मोजून पंधरा-वीस. एडिट करायचे ते पंधरा-वीस फोटो. बाकीचे त्यांच्या मागे जातात. बॅच एडिटिंगचं सगळं कसब हे गठ्ठे पाडण्यात आहे, बटण दाबण्यात नाही.

गठ्ठे पाडण्याआधी चाळण. जो फोटो द्यायचाच नाही, त्याला एडिट कशाला? पहिल्या फेरीत मी तारे-बिरे देत बसत नाही, फक्त ठेवायचा की नाही. लाइटरूम क्लासिक या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्स लॉक चालू ठेवलं की पी (ठेवायचा) किंवा एक्स (नको) दाबल्यावर पुढचा फोटो आपोआप समोर येतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पंधराशे वेळा बाणाचं बटण वाचतं. चाळताना प्रिव्ह्यू तयार होण्याची वाट बघू नका. जवळजवळ प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक जेपेग असतो, निवडीला तो पुरे. इम्पोर्ट करताना एम्बेडेड प्रिव्ह्यूचा पर्याय निवडलात की तोच दिसतो आणि काम सरसर होतं. पंधराशेचे पाचशे-सहाशे झाले की पुढे जा. डोळे मिटलेले, हललेले, एकाच क्षणाचे सात सात, सगळे इथेच गळाले पाहिजेत.

दोन कॅमेरे वापरत असाल तर इथे थांबून घड्याळं जुळवा. दोन्हींची वेळ चार-पाच मिनिटांनी जरी वेगळी असली, तरी फोटो वेळेप्रमाणे लावल्यावर दोन उजेडांची सरमिसळ होते आणि गठ्ठे पडतच नाहीत. दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलेला एकच क्षण शोधा, पडदा उघडला, कुणी माइक हातात घेतला, असा काहीतरी. मग एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडा, त्यातला तो क्षणाचा फोटो पुढे ठेवा आणि कॅप्चर टाइम बदला. तेवढाच फरक निवडलेल्या सगळ्यांना लागतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढे फार त्रास वाचवतं.

आता ग्रिडमध्ये, म्हणजे सगळे फोटो ओळींनी मांडलेले दिसतात तिथे, फोटो अगदी बारीक करा, एका पडद्यावर शंभर तरी दिसतील इतके. मोठ्या फोटोत आपण चेहरे बघतो, बारीक फोटोत फक्त रंग दिसतो. निळसर पट्टा संपून पिवळसर पट्टा कुठे सुरू होतो ते डोळे किलकिले करून बघितलं तरी कळतं. तिथे गठ्ठा तोडायचा. मी प्रत्येक गठ्ठ्याला आलटून पालटून रंगाचं लेबल देते, म्हणजे सीमा लगेच दिसते. एक अडचण हमखास येते. एकाच हॉलमध्ये एकच उजेड असतो, पण तुम्ही मधेच फ्लॅश लावलेला असतो. असे फोटो वेळेने शेजारी असले तरी वेगळ्या गठ्ठ्यात घाला. फ्लॅश पेटला की नाही हे फोटोच्या माहितीत लिहिलेलं असतं.

प्रत्येक गठ्ठ्यात एक म्होरक्या निवडायचा. नवखे लोक इथे सगळ्यात सुंदर फोटो उचलतात. तो बहुतेक वेळा अपवाद असतो, त्यात काहीतरी विशेष ऊन पडलेलं असतं. म्होरक्या साधा हवा. त्यात नेहमीच्या अंतरावरचा चेहरा असावा, शक्यतो काहीतरी पांढरं किंवा करडं असावं आणि एक्स्पोजर गठ्ठ्याच्या सरासरीचं असावं. या फोटोवर हवा तेवढा वेळ घाला. आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग हायलाइट-शॅडो, आणि शेवटी शैलीचा प्रीसेट. मग म्होरक्याचे हे आकडे गठ्ठ्यातल्या बाकीच्यांना द्यायचे, त्यालाच सिंक म्हणतात.

व्हाइट बॅलन्सचा एक सापळा जरा जवळून दाखवते, कारण 'सिंक केलं तरी रंग वेगळेच येतात' ही तक्रार नव्वद टक्के वेळा यातूनच निघते. समजा गठ्ठ्यात ४२ फोटो आहेत आणि कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता. एका फ्रेममध्ये लाल पडदा जास्त आला, कॅमेऱ्याने ४३०० केल्विन धरलं. पुढच्यात पांढरी भिंत आली, त्याने ४९५० धरलं. म्होरक्याचा रंग तुम्हाला आवडला, म्हणून तुम्ही व्हाइट बॅलन्सला हातच लावला नाही, तो 'अ‍ॅज शॉट' राहिला. आता सिंक केलंत तर लाइटरूम बाकीच्या ४१ फोटोंनाही 'अ‍ॅज शॉट' सांगतं. म्हणजे ज्याचं त्याचं कॅमेऱ्याने धरलेलं. आकडा पोचलाच नाही, फक्त 'जसं होतं तसं' हा शब्द पोचला. उपाय साधा आहे. म्होरक्याच्या केल्विनच्या स्लायडरला पन्नासचा का होईना, धक्का द्या. तिथे 'कस्टम' दिसलं की मग सिंक करा. सगळे ४२ एका रंगात येतील.

याला जोडून एक गोष्ट. रॉ फोटोत हा आकडा खरोखर केल्विनमध्ये असतो. जेपेगमध्ये रंग आधीच शिजून बसलेला असतो, त्यामुळे तिथे उणे १०० ते अधिक १०० अशी नुसती सापेक्ष पट्टी मिळते. एका गठ्ठ्यात रॉ आणि जेपेग मिसळले असतील, तर व्हाइट बॅलन्स एकाकडून दुसऱ्याकडे नेऊ नका. दोन वेगळे गठ्ठे करा. आणि अजूनही जेपेगवर काम काढत असाल तर ते सोडा. ८ बिटच्या जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. एका फोटोत हा फरक कधी दिसतो, कधी नाही. पण पाचशे फोटो सरसकट ओढाताण करून एका रंगात आणायचे म्हटलं की फार दिसतो.

एक्स्पोजरचं गणित याहून मजेशीर आहे. सिंक केल्यावर म्होरक्याचा आकडा जसाच्या तसा सगळ्यांना जातो. तुम्ही मॅन्युअल मोडवर एकच सेटिंग ठेवून फोटो काढले असतील तर हे उत्तम. पण शटर आपोआप बदलत असेल तर प्रत्येक फ्रेम थोडी वर-खाली असते. म्होरक्या एफ २.८ (अ‍ॅपर्चर, लेन्सचं छिद्र किती उघडं), १/२०० सेकंद (शटर, उजेड किती वेळ आत आला), आयएसओ १६०० (उजेडाची संवेदनशीलता) वर काढलाय आणि तुम्ही त्याला +०.६० दिलंत. शेजारचा फोटो बाकी तेच ठेवून १/१०० वर निघालाय, म्हणजे मुळातच एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ. त्यालाही +०.६० दिलं तर तो पांढराफटक होणारच. लाइटरूममध्ये 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' नावाची एक आज्ञा आहे, ती हे गणित करते. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ बघून ती शेजारच्याला −०.४० देते आणि दोघं एका पातळीवर येतात. इतकी वर्षं ही सोय तिथे आहे आणि कित्येक मुरलेल्या लोकांना तिचा पत्ता नाही. तिची मर्यादा एकच, फ्लॅशने किती उजेड फेकला हे त्या तीन आकड्यांत नसतं, त्यामुळे फ्लॅशच्या गठ्ठ्याला ती वापरू नका.

कधी उलटही हवं असतं. सगळे फोटो आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त पूर्ण गठ्ठा थोडा काळवंडलेला वाटतोय. सिंक केलं तर सगळ्यांना एकच आकडा मिळून मघाची मेहनत पाण्यात जाईल. अशा वेळी लायब्ररीत जाऊन क्विक डेव्हलपचे बाण वापरायचे. एक बाण दाबला की ज्याचा जो आकडा आहे त्यात तेवढी भर पडते, +०.६० चं +०.९३ होतं आणि −०.४० चं −०.०७. 'इतकं कर' आणि 'इतकं वाढव' यातला फरक हाताला कळला की या कामातली भीती जाते.

मग नेमकं काय सिंक करायचं? मी तीन थर करते. पहिला थर, जे कॅमेऱ्याचं आणि लेन्सचं आहे, म्हणजे प्रोफाइल, लेन्सची दुरुस्ती, कडेच्या जांभळ्या रेषा काढणं, मूळ शार्पनिंग, ते इम्पोर्ट होतानाच सगळ्या फोटोंना लावून टाकते. त्याचा उजेडाशी संबंध नाही. नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करणं) आयएसओवर अवलंबून असतं, आणि आयएसओप्रमाणे बदलणारा प्रीसेट बनवता येतो. दोन-तीन वेगवेगळ्या आयएसओच्या फोटोंवर तुमचे आकडे ठरवा, ते फोटो एकत्र निवडून प्रीसेट बनवा, मधल्या आयएसओंसाठीचे आकडे सॉफ्टवेअर काढतं. दुसरा थर उजेडाचा, तो गठ्ठ्यागणिक. तिसरा त्या एकेका फ्रेमचा: क्रॉप, क्षितिज सरळ करणं, चेहऱ्यावरचा डाग, ब्रशने उजळलेला कोपरा. तो हातानेच करायचा, सिंकच्या यादीत त्याची टीक नको.

अपवाद आहेत. सेन्सरवर धुळीचा कण बसला असेल तर तो प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसतो, विशेषतः अ‍ॅपर्चर बारीक करून काढलेल्या आकाशात. तिथे हीलिंग (डाग पुसणं) सिंक केलं तर शंभर फोटो एका झटक्यात साफ होतात, फक्त नंतर एकदा बघून घ्या, कारण एखाद्या फोटोत त्याच जागी कुणाचा डोळा असतो. ट्रायपॉडवर एकाच चौकटीत काढलेल्या वस्तूंच्या फोटोंना क्रॉपसुद्धा बिनधास्त सिंक करा. आणि हल्लीचे एआय मास्क, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग आपोआप निवडणारी सोय, वेगळे वागतात. 'सब्जेक्ट' किंवा 'स्काय'चा मास्क दुसऱ्या फोटोला दिला तर तिथला माणूस, तिथलं आकाश नव्याने शोधलं जातं. ब्रशचा मास्क मात्र आहे त्या जागी, आहे त्या आकारात जातो, माणूस तिथे असो वा नसो. २०२१ मध्ये हे मास्क आल्यापासून तिसऱ्या थरातलं माझं बरंच काम दुसऱ्या थरात सरकलं. मशीन थोडं रखडतं, तेवढं सोसायचं.

आता माझी फजिती. एका मोठ्या कामात ऑटो सिंक (एका फोटोतला बदल निवडलेल्या सगळ्यांना लगेच लावणारी सोय) चालू करून गठ्ठा संपवला आणि ते बंद करायचं विसरले. थोड्या वेळाने एका फोटोत कोपऱ्यात लोंबणारी वायर दिसली, म्हणून तो घट्ट क्रॉप केला. त्याच्याबरोबर आणखी ३८० फोटो निवडलेले होते. सगळ्यांना तोच क्रॉप बसला. लक्षात आलं दुसऱ्या दिवशी, अर्ध्या लोकांची कपाळं उडालेली दिसली तेव्हा. मधल्या काळात मी त्यावर बरंच काम केलं होतं, त्यामुळे अंडू करत मागे जाण्यात अर्थ नव्हता. क्रॉप नसलेल्या एका फोटोवरून फक्त क्रॉप सिंक करून सगळे मोकळे केले, पण आधी हाताने केलेले नव्वदेक क्रॉप गेले ते गेलेच. तेव्हापासून दोन सवयी लागल्या. गठ्ठ्याला हात लावण्याआधी किती फोटो निवडलेत तो आकडा मोठ्याने वाचते, घरचे हसतात. आणि प्रत्येक टप्पा संपला की सगळ्या फोटोंचा स्नॅपशॉट (तिथवरच्या एडिटची नोंद) घेते.

निवडीत आणखी एक गोष्ट फसवते. अनेक फोटो निवडलेले असताना त्यातला एकच जरा जास्त उजळ चौकटीत असतो. सिंक त्या फोटोवरून बाकीच्यांकडे जातं. घाईत चुकीचा फोटो उजळ राहिला तर म्होरक्याची मेहनत पुसून कुठल्यातरी कोऱ्या फोटोचे आकडे सगळ्यांवर पसरतात.

आता सॉफ्टवेअर. बाजारात दोन जाती आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान होतं. पहिल्या जातीत मूळ फाइलला हात लागत नाही. तुम्ही काय केलंत त्याच्या सूचना कॅटलॉगमध्ये किंवा शेजारच्या छोट्या फाइलमध्ये (लाइटरूमची ती एक्सएमपी) लिहिल्या जातात आणि फोटो एक्स्पोर्ट करताना त्या अमलात येतात. लाइटरूम क्लासिक, कॅप्चर वन, आणि फुकटातले डार्कटेबल व रॉथेरपी या जातीचे. वर सांगितलेली पद्धत या सगळ्यांत चालते, नावं वेगळी. डार्कटेबलमध्ये प्रीसेटच्या जागी स्टाइल म्हणतात आणि एका फोटोची हिस्टरी कॉपी करून दुसऱ्यांवर पेस्ट करता येते, हव्या तेवढ्याच पायऱ्या निवडून. कॅप्चर वनची रंगांची हाताळणी मला जास्त आवडते आणि केबल लावून स्टुडिओत काम करणाऱ्यांना मी तेच सुचवते. कार्यक्रमांच्या कामाला लाइटरूमचं ग्रिड आणि चाळण सोयीची वाटते. पण हा आवडीनिवडीचा भाग आहे. तुमच्याकडे यातलं जे आहे ते पुरेसं आहे.

दुसऱ्या जातीचे प्रोग्राम थेट पिक्सेल बदलतात. एक्सएनकन्व्हर्ट, इरफानव्ह्यू, फास्टस्टोन आणि कमांड लिहून चालणारं इमेजमॅजिक. तयार झालेले फोटो लहान करणं, नाव बदलणं, वॉटरमार्क टाकणं यासाठी ही मंडळी झकास आणि लाइटरूमपेक्षा कितीतरी हलकी. फक्त एक लक्षात ठेवा, यात चुकीला माफी नाही. इमेजमॅजिकमधली मॉग्रिफाय ही आज्ञा वेगळं फोल्डर सांगितलं नाही तर मूळ फाइलवरच लिहिते. पाचशे फोटो ८०० पिक्सेलचे झाले की झाले. म्हणून या जातीसाठी माझा नियम: मूळ फोल्डरची प्रत काढायची, आणि प्रतीवर चालवण्याआधी पाच उपद्रवी फोटोंवर चालवून बघायचं. सगळ्यात काळा, सगळ्यात उजळ, एक उभा, एक आधीच लहान असलेला आणि एक फोनवरून आलेला. जे बिघडायचं ते या पाचांत बिघडतं.

उभा फोटो मुद्दाम का? कॅमेरा उभा धरला तरी पिक्सेल बहुधा आडवेच लिहिले जातात, आणि 'हा फिरवून दाखवा' अशी खूण फोटोच्या माहितीत ठेवली जाते. आकार कमी करावा म्हणून तुम्ही ती सगळी माहिती काढून टाकलीत तर खूणही जाते आणि माणसं आडवी पडतात. आधी फोटो खरोखर फिरवून घ्यायचा, मग माहिती काढायची. माहितीबरोबर रंगाचं प्रोफाइलही (फोटोतले आकडे कुठल्या रंगपद्धतीचे ते सांगणारी नोंद) उडतं, हा दुसरा फटका. फोटो अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीत असेल आणि त्याचं प्रोफाइल उडालं, तर पडद्यावर तो मरगळलेला दिसतो, जणू कुणी रंगात पाणी घातलंय. पडद्यासाठी द्यायचे फोटो एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलूनच बाहेर काढा.

फोटोशॉपच्या अ‍ॅक्शनबद्दल (एकदा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा चालवायच्या कृती) थोडंच सांगते, कारण कार्यक्रमाच्या फोटोंसाठी तो रस्ता लांबचा आहे. वस्तूंच्या फोटोंना, पार्श्वभूमी काढायला वगैरे लागतो. तिथे आकार बदलताना 'इमेज साइझ' रेकॉर्ड केलं तर आडव्यासाठी ठरवलेली रुंदी उभ्या फोटोलाही लागते. 'फिट इमेज' रेकॉर्ड करा, ते दोन्हींना बसतं. आणि अ‍ॅक्शनमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' असेल तर बॅचच्या खिडकीत ती आज्ञा डावलायची टीक करायला विसरू नका, नाहीतर शंभर फोटो एकाच नावावर एकामागून एक सेव्ह होतात आणि शेवटी फोल्डरमध्ये एकच फोटो उरतो.

तुमच्या आधीच्या कामावरून शिकून प्रत्येक फोटोला वेगळे आकडे देणारी एआय साधनंही आता आहेत. मी काही महिने वापरली. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बऱ्यापैकी जवळ आणून देतात. पण ती तुमच्या जुन्या एडिटवर शिकतात, आणि जुनी एडिट जर आज एक, उद्या दुसरी अशी असतील, तर तोच गोंधळ तुम्हाला परत मिळतो, फक्त वेगाने. आधी वर्षभर हाताने गठ्ठे करा, मग त्यांच्या वाटेला जा.

बॅच एडिटिंगने जे कधीच सुधारत नाही, तेही सांगायला हवं. एलईडी किंवा ट्यूबचा काही प्रकारचा उजेड सतत लुकलुकत असतो, डोळ्यांना कळत नाही एवढंच. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर सेकंदाला शंभर वेळा. शटर १/५०० वर असेल तर त्या लुकलुकीचा एखादा तुकडाच प्रत्येक फ्रेममध्ये येतो, एक फोटो पिवळट, पुढचा हिरवट, तिसरा काळपट. असे साठ फोटो एका उजेडातले असूनही साठ उजेडांचे असतात. त्यांना कुठलंही सिंक लागू पडत नाही. काढतानाच शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवायचं, वीज ६० हर्ट्झची असेल तर १/१२० किंवा १/६०. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत यासाठी फ्लिकर कमी करायची सोय असते, ती चालू करा.

ऑटो व्हाइट बॅलन्स नंतर सुधारतो, पण तोही काढतानाच टाळलेला बरा. रॉमध्ये काढतोय, नंतर बघू, असं म्हणून आपण तो सोडून देतो आणि मग ती 'नंतर'ची वेळ येते तेव्हा रात्र जागतो. नव्या खोलीत पाऊल टाकलं की एक ग्रे कार्डचा (साध्या करड्या पुठ्ठ्याचा) फोटो घ्या आणि केल्विनचा आकडा हाताने बसवा, उजेड स्थिर असेल तर एक्स्पोजरही मॅन्युअल. तो ग्रे कार्डचा फोटो नंतर दोन कामं करतो. गठ्ठा कुठे सुरू झाला ते दाखवतो, आणि ड्रॉपरने त्यावर एकदा क्लिक केलं की म्होरक्याचा व्हाइट बॅलन्स तयार. जिथे मी असं केलंय तिथे पूर्ण कामाचं एडिटिंग एका दिवसात आटोपलंय. जिथे आळस केला तिथे तीन दिवस.

सिंक झाल्यावर प्रत्येक गठ्ठा पुन्हा ग्रिडमध्ये बारीक करून बघा. वेगळा पडलेला फोटो पाट्यावरच्या खड्यासारखा टोचतो. त्यालाच फक्त उघडायचं. गठ्ठ्यात दहातले नऊ बरोबर आले तर पद्धत बरोबर आहे. दहातले पाचच आले तर समजा, हे दोन गठ्ठे होते. हे बघताना मॉनिटरचा उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय, दोन्ही बंद ठेवा. मी एकदा पूर्ण रात्रीचं काम निळं करून ठेवलं होतं ते याच पिवळसर पडद्यापायी.

एक्स्पोर्टला फार डोकं लावू नका. पडद्यासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८० च्या आसपास, एसआरजीबी, पडद्यासाठीचं शार्पनिंग. १०० क्वालिटी दिली तर फाइल कितीतरी फुगते आणि डोळ्याला फरक दिसत नाही. ७२ की ३०० पीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) हा वाद पडद्यापुरता निरर्थक आहे, २०४८ पिक्सेल दोन्हीकडे २०४८च राहतात. छपाईसाठी मात्र आकार कमी न करता वेगळी एक्स्पोर्ट करा. दोन्ही प्रीसेट बनवून ठेवले की लाइटरूममध्ये दोघांना टीक करून एकदमच सोडता येतं, कॅप्चर वनमध्ये एक्स्पोर्टच्या रेसिपी तेच करतात. लहान फोटो मोठा न करण्याची टीक असू द्या. नावं तारीख-वेळ-क्रमांक अशी द्या. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि दोन वेगळ्या फोटोंची नावं एक होतात.

फोटो देण्याआधी एक्स्पोर्टच्या फोल्डरमध्ये दोन गोष्टी बघते. फायलींची संख्या निवडलेल्या फोटोंइतकी आहे का, आणि मग त्या आकारमानाने लावून सगळ्यात लहान दहा-बारा उघडते. अर्धवट लिहिली गेलेली फाइल, चाळणीतून निसटलेला काळाकुट्ट फोटो, चुकून पडलेला टिचभर क्रॉप, हे सगळे तिथेच जमलेले सापडतात. कार्डं फॉरमॅट करते ती त्यानंतर, आणि रॉची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर गेलीय हे उघडून बघितल्यावर.